गोवराची लस झाली; गालगुंडाची?

२०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण आढळले. भिवंडीला लागून शहापूर तालुका, त्याच्या शेजारी मुरबाड. या भागातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पाड्यावर परततात. या स्थलांतरात मुलांचे डोस चुकतात, म्हणून साथ आली की चर्चा या मुलांचीच होते. मात्र रुग्णालयात त्यांचा ताप मोजणाऱ्या, त्यांना सलाइन लावायला शिकणाऱ्या परिचर्या आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना स्वतःला किती संरक्षण आहे, हे क्वचितच विचारले जाते.

उत्तर जन्मसालात दडले आहे. सरकारी कार्यक्रमात १९८५पासून गोवराचा एकच डोस होता, तोही नवव्या महिन्यात. त्या वयात दिलेल्या एका डोसाने शंभरातील सुमारे ८५ मुलांनाच संरक्षण मिळते. दुसरा डोस २०१०नंतर आला. नोव्हेंबर २०१८मध्ये राज्यात गोवर-रुबेला मोहीम झाली, ती नऊ महिने ते १५ वर्षे वयोगटासाठी. म्हणजे २००३च्या अखेरीपूर्वी जन्मलेले या मोहिमेतून वयामुळेच सुटले. आज इंटर्नशिप करणाऱ्यांपैकी आणि नुकतेच कामाला लागलेल्यांपैकी अनेकजण याच वयाचे. त्यांच्यानंतरच्यांना शाळेत लस मिळाली असेल, पण त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांची नोंद आता कुठे शोधायची?

गालगुंडाचे चित्र वेगळे आहे. सरकारी कार्यक्रमात गोवर आणि रुबेलाची लस आहे, गालगुंडाची नाही. तिन्ही रोगांवरची एमएमआर लस प्रामुख्याने खासगी दवाखान्यात मिळते. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्व डोस वेळेवर घेतलेल्या पाड्यावरच्या मुलीलाही गालगुंडाची लस मिळालेली नसते. लहानपणी रोग होऊन गेला असेल, तर तेवढीच प्रतिकारशक्ती. २०२४मध्ये केरळात गालगुंडाचे हजारो रुग्ण आढळले, ते उगाच नव्हे. वयात आल्यावर हा रोग झाला, तर पुरुषांच्या अंडकोषाला सूज येऊ शकते. कधी मेंदूच्या आवरणाला सूज येते, तर कधी बहिरेपणही येते.

गोवराचा धोका रुग्णांना अधिक. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून बाधित व्यक्ती रोग पसरवते आणि तिने खोली सोडल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. साधा सर्दी-ताप समजून वॉर्डात आलेला विद्यार्थी शेजारच्या खाटेवरील कुपोषित बालकाला गोवर देऊ शकतो. अशा बालकाला न्यूमोनिया होऊन ते दगावण्याची भीती मोठी असते. गोवराची साखळी तोडायला समाजातील ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. जिथे आजारी मुले एकत्र येतात त्या वॉर्डात तर ढिलाई परवडणारी नाही.

उपाय अवघड नाही. प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड मागावे. दोन डोसांची नोंद नसेल, तर २८ दिवसांच्या अंतराने एमएमआरचे दोन डोस द्यावेत. रक्तातील प्रतिपिंडे तपासता येतात. पण जिथे ही सोय नाही तिथे तपासणीसाठी थांबू नये, कारण आधीच प्रतिकारशक्ती असलेल्याला लस दिल्याने अपाय होत नाही. ही जिवंत विषाणूची लस असल्याने गरोदरपणात ती देत नाहीत आणि लस घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. म्हणून ती प्रत्यक्ष वॉर्डात जाण्याआधी, पहिल्याच सत्रात द्यावी.

देशाने गोवर-रुबेला निर्मूलनासाठी २०२६चे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी पाड्यापाड्यावर मुले शोधली जातात. त्याच यादीत शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात शिकायला येणाऱ्यांचीही नावे हवीत. लस टोचायला शिकणाऱ्या हाताला ती आधी मिळालेली असावी, एवढीच अपेक्षा.