सीपीयू म्हणजे तो डबा नव्हे!

पहिलीतल्या पोरांकडून 'सीपीयू म्हणजे संगणकाचा मेंदू' असं घोकून घेतात आणि बोट दाखवतात अख्ख्या कॅबिनेटकडे! अहो, त्यात पंखा आहे, हार्ड डिस्क आहे. प्रोसेसर आपला तळहातात मावणारा चौकोनी तुकडा. मॉनिटर म्हणे आउटपुट. मग बाबांच्या मोबाइलची टचस्क्रीन? पोरगं अगदी बरोबर विचारतं, आणि उत्तर मिळतं, 'पुस्तकात आहे तेवढंच लिही.' पोरांचे प्रश्न बंद करायची ही पद्धत (फी वेगळी!). त्यापेक्षा माऊस काढून घ्या आणि म्हणा, आता चित्र काढून दाखव. स्पीकरची वायर उपसा. कशाचं काय काम ते लगेच कळतं. भंगारातला पीसी खुशाल उघडू द्या, प्लग काढून. पॉवर सप्लाय तेवढा बंदच ठेवा; त्यातले कपॅसिटर नंतरही झटका देतात.