पुढची गाडी मिळते तेव्हा

युरोपच्या सहलीला निघालेले मराठी कुटुंब स्वित्झर्लंड पाहते ते बहुधा यात्रा कंपनीच्या राखीव बसच्या काचेतून. बस हॉटेलच्या दारात येते, यात्राप्रमुख माणसे मोजून घेतो आणि ठरल्या वेळी ठरल्या शिखराच्या पायथ्याशी सर्वांना उतरवतो. या व्यवस्थेला नावे ठेवण्याचे कारण नाही. परका मुलूख, परकी भाषा आणि बरोबर वडीलधारी माणसे असताना तिचा आधार वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु त्या काचेतून एक गोष्ट दिसत नाही, आणि ती हिमशिखरांइतकीच पाहण्यासारखी आहे. ती म्हणजे त्या देशाचे वेळापत्रक.

झुरिकला मुक्काम असलेल्या कुटुंबाने रिगीचा डोंगर पाहून संध्याकाळी परतायचे ठरवले, तर त्याला काय करावे लागते? सकाळी ल्युसर्नची गाडी धरायची. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की समोरच सरोवराचा धक्का लागतो. तेथून सुमारे तासाभरात बोट फित्झनाउला पोहोचवते, आणि धक्क्यालगतच दातेरी रुळांची लाल गाडी उभी असते. ती १,७९८ मीटर उंचीच्या माथ्यावर नेते. उतरताना दुसऱ्या बाजूने निळ्या गाडीने आर्थ-गोल्डाउला यावे आणि तेथे झुरिकची गाडी पकडावी. दोन आगगाड्या, एक बोट, दोन डोंगरगाड्या. पण कोठेही भाड्याची घासाघीस नाही, की ‘आता पुढे काय’ हा प्रश्न नाही. प्रवासी पास घेतलेल्या आईवडिलांबरोबर सोळा वर्षांखालील मुलांना वेगळे भाडेही पडत नाही.

एकट्या प्रवाशाची गाडी चुकली तर तो फलाटावर तासभर वर्तमानपत्र वाचत बसू शकतो. कुटुंबाचे तसे नसते. मूल भुकेने रडते, आजीचे गुडघे बोलू लागतात आणि सहलीचा आनंद त्या एका तासात नासून जातो. म्हणून कुटुंबाच्या दृष्टीने गाडी किती वेगाने धावते यापेक्षा एक गाडी सोडल्यावर दुसरी मिळते की नाही, यालाच महत्त्व असते. स्विस रेल्वेने हे मर्म ओळखले. हॉलंडने १९७० मध्ये ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत देशभर लागू केली होती. ती स्वित्झर्लंडने २३ मे १९८२ पासून स्वीकारली. पुढे ६ डिसेंबर १९८७ रोजी ‘रेल्वे २०००’ची योजना सार्वमताला टाकण्यात आली आणि ५७ टक्के मतदारांनी तिला कौल दिला. रेल्वेच्या वेळापत्रकावर जनतेने मतदान करावे, ही कल्पनाच आपल्याकडे चमत्कारिक वाटेल! त्या योजनेचे सूत्र साधे होते: गाडी शक्य तितकी वेगवान नव्हे, तर आवश्यक तितकी वेगवान असावी. बर्न आणि झुरिक यांमधील प्रवास तासाच्या आत आणला गेला तो विक्रमासाठी नव्हे. मोठ्या स्थानकांत चोहोबाजूंच्या गाड्या तास भरण्यापूर्वी एकत्र याव्यात आणि माणसांची अदलाबदल होताच पुन्हा पांगाव्यात, यासाठी. नवा लोहमार्ग बांधून ही योजना डिसेंबर २००४ मध्ये अमलात आली.

हे सारे त्या लोकांच्या रक्तातच आहे, असे मानण्याचे कारण नाही. रिगीचेच पाहा. फित्झनाउकडील मार्ग १८७१ चा. युरोपातील तो पहिला दातेरी डोंगरमार्ग. आर्थकडील मार्ग १८७५ चा. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी, आणि माथ्याजवळ त्यांचे रूळ आजही शेजारी शेजारी धावतात. त्यांचे एकत्रीकरण व्हायला १९९२ साल उजाडले. आज देशातील सुमारे अडीचशे वाहतूक संस्था एकाच तिकीट व्यवस्थेत नांदतात, ते अशा जुन्या भांडणांवर मात करूनच.

श्रीमंत आणि चिमुकल्या देशाला हे परवडते, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. परंतु शेजारचा जर्मनीही गरीब नाही. तेथे २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने अवघ्या नऊ युरोत महिनाभर स्थानिक गाड्यांतून देशभर फिरता येत होते. सुमारे सव्वापाच कोटी तिकिटे खपली आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर धावल्या, तेही सहा मिनिटांपर्यंतचा उशीर माफ करून. उशिरा येणाऱ्या जर्मन गाड्या आपले वेळापत्रक बिघडवतील म्हणून स्विस रेल्वे त्यांना बाझेललाच थांबवते आणि प्रवाशांना आपल्या गाडीत बसवते. तिकीट स्वस्त करणे सरकारच्या हातचे आहे आणि लोकप्रियही आहे. गाड्यांचा मेळ घालण्याचे श्रेय मात्र कोणाच्या नावावर लागत नाही. स्वित्झर्लंडनेही सगळे साधले आहे असे नाही. अपंगांना सर्व स्थानके वापरता यावीत यासाठी २०२३ अखेरची मुदत कायद्याने घातली होती, ती अनेक स्थानकांनी पाळली नाही.

महाराष्ट्रात एस. टी.ने ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास दिला. निर्णय स्वागतार्हच होते. पण रत्नागिरीला किंवा सावंतवाडीला कोकण रेल्वेतून उतरलेल्या कुटुंबाचे काय? स्थानक गावापासून काही किलोमीटरवर. गाडी रेल्वेच्या घड्याळावर येते आणि बस आगाराच्या घड्याळावर सुटते. सवलतीला पात्र असलेली आजी बस समोर नसल्यामुळे रिक्षावाल्याला पूर्ण भाडे मोजते. यासाठी नवा मार्ग नको, की परदेशी कर्ज नको. कोकण रेल्वेचे वेळापत्रक दरवर्षी पावसाळ्यापुरते बदलते आणि त्याच्या तारखा आधीच जाहीर होतात. पुढच्या पावसाळ्यात ते बदलेल तेव्हा त्या त्या आगाराने स्थानकाच्या बसगाड्यांच्या वेळाही त्याच दिवशी बदलाव्यात आणि त्या फलाटावर ठळक अक्षरांत लावाव्यात. महामंडळाला हे येत्या हंगामातच करता येईल.