खर्च वाचतो तो कुणाचा?

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा म्हणजे सरकारी पैशाची नासाडी, असं हल्ली अर्थशास्त्राचा हवाला देत सांगितलं जातं. २०२३मध्ये शिक्षण खात्याने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळांचा आकडा पुढे आला. मुलं १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. एका गुरुजींमागे जेमतेम सहा मुलं! मग शाळा एकत्र करा, प्रयोगशाळा आणि विषयवार शिक्षक द्या, पानशेत-तोरणमाळच्या समूह शाळा पाहा, असा हा पूर्वपक्ष. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. एका खोलीत चार इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींना त्यातलं दुखणं चांगलं ठाऊक आहे.

पण ही वजाबाकी फक्त सरकारी वहीतली.

उदाहरणच घ्यायचं तर कळमेश्वर शहरालगत एमआयडीसी आहे, पोलादाचा कारखाना आहे, नागपूर हाकेच्या अंतरावर. मोहप्याच्या बाजूला वळलं की संत्र्याच्या बागा, कपाशी आणि मजुरीवर जगणारी लहान गावं. तिथल्या एखाद्या गावची शाळा उठली, तर दुसरीतल्या लेकराला परगावी सोडायला-आणायला आई जाणार. निंदणाच्या दिवसांत तिची रोजी बुडणार. वाचलेला पगार ताळेबंदात दिसतो, बुडालेली रोजी कोण मांडतो? आणि पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, या शिक्षणहक्काच्या नियमाचं काय करायचं, तेही त्या वहीत नाही.

अर्थशास्त्र तर उलटीच साक्ष देतं. इंडोनेशियाने १९७३ ते १९७८ या काळात ६१,०००हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. अर्थतज्ज्ञ एस्तेर डुफ्लो यांनी तपासलं, तेव्हा त्या पिढीचं शिक्षण आणि पुढची कमाई, दोन्ही वाढलेली निघाली. अंतराचंही तसंच: बिहारमध्ये मुलींना सायकली मिळाल्यावर माध्यमिक शाळेतली त्यांची संख्या सुमारे एक-तृतीयांशाने वाढली, आणि फरक जास्त दिसला तो शाळेपासून दूरच्या गावांत.

म्हणून लहान शाळा आहे तशीच जपावी, असं मुळीच नाही. चार-पाच गावांनी विज्ञान-इंग्रजीचे शिक्षक वाटून घ्यावेत. गुरुजी मोटारसायकलवर फिरू शकतात. सहा वर्षांची पोरं कशाला फिरवायची? वर्गात मुलं इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार बसवावीत. ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमात मुंबई-वडोदऱ्याच्या मागे पडलेल्या मुलांना स्थानिक तरुणींनी शिकवलं, गुण वाढले, तेही थोड्या खर्चात. सातवी-आठवीचे वर्ग मात्र एसटीची सोय करून खुशाल जोडावेत. त्याखालचे वर्ग जोडण्याचा प्रस्ताव आलाच, तर त्याला रस्ता, नाला, बसची वेळ आणि बुडणारी रोजी यांचा गाववार तक्ता जोडून तो आधी ग्रामसभेपुढे ठेवावा.