टॅक्सिडर्मीचा भाव: कापडाचा की शिलाईचा?

मे २०२४ मध्ये ऑकलंडच्या वेब्ज या लिलावगृहात एक पीस विकलं गेलं. वजन सुमारे ९ ग्रॅम, रंग काळा, टोक पांढरं. दोन-तीन हजार न्यूझीलंड डॉलर मिळतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात किंमत गेली ४६,५२१ डॉलरवर. पीस होतं हुइया या पक्ष्याच्या शेपटीचं. हा पक्षी खात्रीशीरपणे शेवटचा दिसला तो डिसेंबर १९०७ मध्ये, तारारुआच्या डोंगररांगांत.

आता याच देशात एखाद्या टॅक्सिडर्मिस्टकडे जा आणि एक फेसंट बसवून द्यायला किती घ्याल, असं विचारा. त्याने काही शे डॉलरचा आकडा सांगितला की बहुतेकांच्या भुवया वर जातात. आपल्या लोकांच्या तर जरा जास्तच. "पेंढाच तर भरायचा आहे, त्याचे एवढे?"

एका पिसाला सेहेचाळीस हजार हे कुणाला खटकत नाही आणि पंधरा-वीस तासांच्या कामाचे काही शे डॉलर खटकतात. माझ्या मते दोन्हीकडे घोटाळा एकच आहे. आपण किंमत प्राण्याची करतो आणि काम फुकटात धरतो. टॅक्सिडर्मीचा रास्त भाव ठरवायचा तर हे उलटं करायला हवं. प्राण्याची किंमत शून्य धरायची आणि कामाची पुरेपूर मोजायची.

शिंप्याचं उदाहरण घेऊ. कापड आपण नेतो, तो शिलाई घेतो. कापड पैठणीचं आहे की साध्या सुताचं, यावर शिलाई ठरत नाही. ती ठरते अस्तर आहे का, बाही कशी आहे, कापड सुळसुळीत आहे का, यावर. टॅक्सिडर्मीतही गिऱ्हाईकच 'कापड' घेऊन येतं. कारागीर लावतो ती शिलाई.

या शिलाईत काय काय येतं? पहिली गोष्ट म्हणजे पेंढा नसतो. 'पेंढा भरलेला वाघ' हा शब्दप्रयोग मराठीत पक्का बसला आहे, पण ते तंत्र कधीच मागे पडलं. सस्तन प्राण्याच्या बाबतीत आत त्याची हाडंही सहसा नसतात. याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फार लॅप. टिमारूजवळ १९२६ साली जन्मलेला हा शर्यतीचा घोडा १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात मेला. आज त्याचा सांगाडा वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे, हृदय कॅनबेरात आणि कातडं मेलबर्नच्या संग्रहालयात. मेलबर्नला लोक ज्या 'घोड्या'समोर उभे राहतात तो म्हणजे न्यूयॉर्कच्या जोनास ब्रदर्स या कारागिरांनी घडवलेलं शरीर आणि त्यावर चढवलेलं खरं कातडं. स्नायूंचा ताण, मानेचा बाक हे सगळं माणसाने मोजून घडवलेलं आहे.

हरणाच्या डोक्या-खांद्याचं काम असेल तर क्रम साधारण असा असतो. कातडं सोलायचं, डोळे, ओठ आणि कान यांच्या कडा न फाडता. आतलं मांस आणि चरबी खरवडायची, मीठ लावायचं, मग कमवायचं. जनावराच्या मापाचा फोमचा साचा निवडायचा आणि लागेल तिथे तासायचा. काचेचे डोळे बसवायचे, पापण्यांखाली माती भरायची. कातडं चढवून शिवायचं, टाचण्यांनी जागच्या जागी धरायचं आणि काही आठवडे वाळू द्यायचं. वाळताना कातडं आक्रसतं, म्हणून अधूनमधून पाहत राहावं लागतं. शेवटी नाक आणि पापण्या रंगवायच्या, कारण उघड्या कातडीचा रंग उडालेला असतो. प्राणी मेल्यावर थंड करायला उशीर झाला असेल तर जिवाणू आपलं काम सुरू करतात आणि केस मुळापासून सुटतात. ही चूक बहुतेक वेळा शिकाऱ्याच्या हातून झालेली असते, पण दिसते मात्र कारागिराच्या टेबलावर.

आता हिशेब करू. पुढचे तास आणि खर्च केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा एका कामाला १५ तास लागले, साहित्य आणि कातडं कमावणं यांना २५० डॉलर लागले, आणि जागा, फ्रीझर, वीज, विमा यांचा वाटा १०० डॉलर. न्यूझीलंडमध्ये १ एप्रिल २०२५ रोजी लागू झालेलं किमान वेतन तासाला २३.५० डॉलर होतं. त्या दराने मजुरी झाली ३५२.५०. एकूण ७०२.५०. वर १५ टक्के जीएसटी धरला की आकडा ८०८ च्या घरात जातो. आणि हा झाला नवशिक्याचा दर. दहा-पंधरा वर्षं हात बसलेल्या माणसाने तासाला ४० डॉलर धरले, तर तेच काम १,०९२.५० वर जातं. यात बिघडलेल्या कामाची भरपाई नाही, गिऱ्हाइकाने वर्षभर न नेलेल्या नगाची जागा नाही, आणि कारागिराची रजाही नाही. म्हणून ज्या कामाचे असे तास आहेत ते कुणी तीनशे डॉलरमध्ये करून देत असेल, तर 'स्वस्त' म्हणून खूश होण्याआधी तो स्वतःला तासाला किती देतो ते मोजावं. साहित्य आणि जागा वजा केल्यावर उत्तर शून्याखाली येतं.

यावर एक आक्षेप बरोबर आहे. तासांवर भाव लावला तर हळू काम करणाऱ्याला बक्षीसच मिळणार. उपाय शिंप्याकडेच आहे. तो घड्याळ लावून बसत नाही, ब्लाउजला किती वेळ लागतो हे त्याला माहीत असतं आणि त्यावरून त्याचा दर ठरलेला असतो. टॅक्सिडर्मिस्टनेही प्रजाती आणि ढब यांनुसार प्रमाण तास ठरवावेत आणि दरपत्रक लावावं. जो लवकर करेल त्याचा फायदा, जो रेंगाळेल त्याचं नुकसान.

दुसरा आक्षेप असा, की दुर्मिळ प्राण्याला जास्त घ्यायला काय हरकत आहे? इथे मी ठामपणे नाही म्हणेन. दोन प्राणी शेजारी ठेवून पाहू. पॉसम १८३७ मध्ये फरसाठी ऑस्ट्रेलियातून आणला गेला. आज न्यूझीलंडमध्ये तो उपद्रवी प्राणी आहे आणि २०५० पर्यंत तो, स्टोट आणि उंदीर देशातून संपवण्याचं सरकारी उद्दिष्ट आहे. म्हणजे कापडाची किंमत शून्य. तरी पॉसम बसवायला तास लागायचे तेवढे लागतातच. दुसरीकडे केरेरू, इथलं देखणं, कायद्याने पूर्ण संरक्षित कबूतर. केरेरूचं काम महाग असणं रास्त आहे, पण त्याचं कारण दुर्मिळता नाही. कबुतरांच्या कुळात कातडी कागदासारखी पातळ असते आणि पिसं हात लावताच गळतात, त्यामुळे तास वाढतात. दरपत्रकात 'पातळ कातडी' असं कारण लिहिता येतं. 'दुर्मिळ' असं कारण ज्या दिवशी लिहिलं जातं, त्या दिवसापासून दुर्मिळ प्राणी मेलेला असणं कुणाच्यातरी फायद्याचं होतं.

हे हुइयाच्या बाबतीत घडून गेलं आहे. या पक्ष्यात नराची चोच आखूड, भक्कम आणि मादीची लांब, बाकदार. एवढा फरक पक्ष्यांत क्वचितच दिसतो, म्हणून युरोपातल्या संग्राहकांना एक पक्षी पुरत नसे, जोडी हवी असे. आंद्रेआस राइशेक हा ऑस्ट्रियन टॅक्सिडर्मिस्ट १८७७ ते १८८९ या काळात न्यूझीलंडमध्ये होता. त्याने गोळा केलेल्या हुइयांचा आकडा २१२ जोड्या असा दिला जातो आणि त्याचा संग्रह व्हिएन्नाला गेला. माओरी समाजात हुइयाचं पीस ही मानाची गोष्ट, 'ताओंगा'. १९०१ मध्ये ब्रिटिश राजपुत्र इथे आला असताना त्याच्या टोपीत हुइयाचं पीस खोचलं गेलं आणि त्याची फॅशनच आली. जंगलं तुटत होती, बाहेरून आलेले शिकारी प्राणी पसरत होते, आणि त्यात पक्ष्याच्या अंगाला बाजारभाव चिकटला. १८९२ मध्ये कायदेशीर संरक्षण मिळालं होतं, पण भाव कायद्यापेक्षा जोरात होता. हुइया फक्त टॅक्सिडर्मीने संपवला असं मी म्हणत नाही. पण पक्षी जसजसा कमी झाला तसतसं मेलेल्या पक्ष्याचं मोल वाढलं, आणि ते अजून वाढतंच आहे. ऑकलंडचा लिलाव त्याच आलेखावरचा ताजा बिंदू आहे.

इथल्या आजच्या कायद्याने हे ओळखलं आहे. १९५३ च्या वाइल्डलाइफ ॲक्टनुसार संरक्षित वन्यजीव ही राजसत्तेची मालमत्ता आहे, आणि परवानगीशिवाय मेलेला पक्षी किंवा त्याची पिसं बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. भारतातही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मेलेला संरक्षित प्राणी सरकारचा ठरतो. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून चाललेलं टॅक्सिडर्मी केंद्र आणि तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. संतोष गायकवाड यांचं काम याच चौकटीत बसतं. प्राणी विकत घेता येत नाही, विकता येत नाही, तो शिक्षणासाठी जपला जातो. म्हणजे दोन्ही देशांत कायद्याने कापडाचा भाव काढून टाकला आहे. मग मागे उरते ती फक्त शिलाई. तिचेही पैसे आपण नाकारले, तर हे कौशल्य टिकणार कशावर?

हे कौशल्य टिकायला हवं, असं मला संशोधक म्हणून वाटतं. संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांतून आज डीएनए काढता येतो. नामशेष हुइयाविषयी आनुवंशिक माहिती मिळाली ती अशाच कातड्यांतून. मात्र त्यासाठी कातड्याला चिठ्ठी हवी: प्रजाती, ठिकाण, तारीख, कुणाला सापडला. चिठ्ठी नसलेला सुंदर पक्षी ही शोभेची वस्तू आहे, चिठ्ठी असलेला ओबडधोबड पक्षीही विदा आहे. ती लिहायला पाच मिनिटं लागतात. कारागिराने ती पाच मिनिटंही बिलात लावावीत आणि आपण ती आनंदाने द्यावीत.

याचा एक जुना दाखला आहे. १८२६ मध्ये एडिनबरात सोळा वर्षांचा चार्ल्स डार्विन पक्षी जपण्याची कला शिकला ती जॉन एडमनस्टन यांच्याकडून. ते दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचे, एकेकाळी गुलाम असलेले आणि पुढे मुक्त झालेले. रोज एक तास, दोन महिने, आणि फी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. रविवार सोडले तर साधारण पन्नास तास, तासाला पाच पेनी. 'फक्त' एक गिनी घेतो, असं डार्विनने बहिणीला कौतुकाने कळवलं होतं. पुढे बीगल जहाजावरून त्याने आणलेली पक्ष्यांची कातडी लंडनमध्ये जॉन गूल्डने तपासली आणि गालापागोसच्या फिंचांची गोष्ट तिथून उलगडली. त्या गिनीत आपल्याला स्वस्ताई दिसते. मला त्यात न दिलेलं बिल दिसतं.

तेव्हा न्यूझीलंडमधल्या, आणि इतरत्रच्याही, वाचकांना एवढंच सुचवेन. रस्त्यात मेलेला तुई किंवा केरेरू दिसला तर तो घरच्या फ्रीझरमध्ये टाकू नका. आधी डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशनला कळवा. अशा पक्ष्यांवर, त्यांच्या पिसांवर स्थानिक इवींचा, म्हणजे माओरी समूहांचाही सांस्कृतिक हक्क असतो. जुन्या बाजारात शंभर वर्षांपूर्वीचा बसवलेला पक्षी स्वस्तात मिळाला, तर त्यात आर्सेनिक असण्याची दाट शक्यता आहे. तो मुलांच्या खोलीत ठेवू नका. आणि कायदेशीर शिकारीचं किंवा उपद्रवी प्राण्याचं काम करून घेणार असाल, तर कारागिराला 'किती कमी कराल?' असं विचारण्याआधी 'किती तास लागतील?' असं विचारा. नीट काम करणारा माणूस या प्रश्नाने खूश होतो. तो हिशेब मांडून दाखवेल. तो पटला तर अर्धे पैसे आगाऊ द्या, काम झाल्याचा निरोप आला की वेळेवर जाऊन घेऊन या, आणि चिठ्ठी मागायला विसरू नका.