आरपार खिडकी

भिंतीला खिडकी पाडली म्हणजे पलीकडचे दिसते. कॉम्प्युटरची खिडकी उघडली, की मागचे सारे झाकले जाते! मात्र केळझरला दाखले-अर्ज भरून देणारा माझा भाचा अर्जाची खिडकी धुरकट काचेसारखी करतो आणि तिच्यातून दिसणारा मागचा सातबारा पाहून आकडे टिपतो. त्याच्याकडे लिनक्स आहे.

ही काच म्हणजे नुसता हिशेब. दर ठिपक्याला दाटपणाचा एक आकडा: शून्य म्हणजे आरपार, २५५ म्हणजे ठार बंद. मधला असेल, तर वरचा रंग तेवढ्या हिश्श्याने घ्यायचा आणि उरलेला हिस्सा खालच्याचा. पोर्टर आणि डफ या जोडीने हे गणित १९८४ साली पद्धतशीर मांडले.

त्याच साली अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये 'एक्स' ही खिडक्यांची व्यवस्था जन्मली. पण तिला काच जमेना. साऱ्यांना फळा एकच! झाकलेला भाग सहसा जपून ठेवीतच नसत. वरची खिडकी सरकली, की खालच्या प्रोग्रॅमला निरोप जाई, 'पुन्हा चित्र काढ.' जे काढलेलेच नाही, ते आरपार दिसणार कसे? २००४ साली तोड निघाली. प्रत्येकाने आपले चित्र वेगळ्या कागदावर काढावे आणि एका कारभाऱ्याने ते एकावर एक रचून पडद्यावर मांडावे.

कागद फुकट मिळत नाही, बरे का! १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या एका खिडकीला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. केळझर ही परंपरेने एकचक्रानगरी, गाडाभर भात रिचवणाऱ्या बकासुराचे गाव. भाच्याच्या जुन्या यंत्रावर दहा खिडक्या उघडल्या, की त्याचीच आठवण होते.

पण भुकेपेक्षा मला दुसरीच काळजी वाटते. एक्समध्ये एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खिडकीतले चित्र उचलू शकतो, दाबलेल्या कळाही टिपू शकतो. आणि या दुकानात तर गावाचे आधार क्रमांक, पासबुके!

२००८ साली सुरू झालेल्या 'वेलंड'मध्ये पडदा सांभाळणारा आणि कागद रचणारा कारभारी एकच. प्रोग्रॅम आपला कागद त्याच्या हाती देतो. खाली कोण आहे, हे त्याला कळतही नाही. 'माझा एवढा भाग बंद आहे' असे त्याने कळवले, तर खालचे रंगवण्याचे कष्टही वाचतात. काचेतून पाहतो तो फक्त खुर्चीत बसलेला माणूस. अनेक लिनक्समध्ये दोन्ही व्यवस्था असतात. लॉगिनच्या वेळी कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर टिचकी मारा, हवी ती निवडता येते.