दोन खाड्या ओलांडल्या की

स्पेनमधल्या जिरोना या तटबंदीच्या जुन्या शहरातून ओलोत गावाकडे पूर्वी छोट्या मापाची रेल्वे जायची. १९६९ मध्ये ती बंद झाली, रूळ उचलले गेले, वाट तेवढी राहिली. आज पन्नासेक किलोमीटरच्या त्या वाटेने लोक सायकलवरून शेतं, ओढे आणि खेडी बघत जातात. १९९३ पासून स्पेनने अशा मोडीत निघालेल्या रेल्वेमार्गांच्या 'हिरव्या वाटा' करायला घेतल्या. आता देशभरात त्या तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेल्या आहेत. सेव्हिलच्या आग्नेयेला डोंगरात पुएर्तो सेरानो ते ओल्वेरा अशी ३६ किलोमीटरची एक आहे. तिच्यावर ३० बोगदे आहेत आणि गंमत म्हणजे तिथून एकही आगगाडी कधी धावलीच नाही. पैसा संपला, काम थांबलं आणि सगळी बांधणी अखेर सायकलवाल्यांच्या पदरात पडली.

आगगाडीला फार चढ चालत नाही. त्यामुळे तिच्यासाठी आखलेली वाट डोंगरातूनही हळूहळू चढते आणि पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्या बाईचीही दमछाक करत नाही. मोटार नाही, हॉर्न नाही, मागून कोणी 'ओ मॅडम, साइड' म्हणून ओरडत नाही. बोरिवलीच्या माणसाला हे ऐकून हेवा वाटणारच. आपल्याकडे रेल्वे मोडीत निघण्याचा प्रश्नच नाही. रविवारचा मेगाब्लॉक लागला तरी अर्धं उपनगर हवालदिल होतं.

आपण सायकलवाटेचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. तानसाच्या जलवाहिन्यांच्या कडेने, मुलुंडपासून धारावीपर्यंत आणि घाटकोपरपासून सहारपर्यंत, ३९ किलोमीटरचा ट्रॅक महापालिकेने २०१७ मध्ये जाहीर केला. कल्पना स्पेनच्या जवळची होती: आधीच आखलेली, सलग, वाहनांपासून वेगळी पट्टी वापरायची. फरक एवढाच की स्पेनमधल्या त्या वाटा ओस पडलेल्या होत्या आणि आपल्या पाइपांच्या कडेला माणसं राहत होती. जलवाहिन्यांच्या सुरक्षेसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथल्या झोपड्या हटवल्या गेल्या. त्यातल्या अनेक कुटुंबांना माहुलला, तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवलं. तिथली हवा सोसवेना म्हणून विद्याविहारला त्यांचं आंदोलन दीर्घकाळ चाललं आणि प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. पवईची गोष्ट याहून थोडक्यात संपते. तलावाच्या काठाने बांधायला घेतलेला सायकल ट्रॅक न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि तलावाची जागा पूर्ववत करायला सांगितली.

या दोन्ही प्रकरणांनंतर मला वाटू लागलं की मुंबईला सायकलवाट बांधण्याची घाई आहे, पण असलेली वाट राखण्याची नाही. कारण अशी वाट आहे, आणि तीही एका ऐतिहासिक शहराकडे जाणारी. तिला कुठलंही सरकारी नाव नाही, इतकंच.

बोरिवली पश्चिमेच्या गोराई जेट्टीवरून सुरुवात करायची. सकाळच्या पहिल्या बोटींमध्ये दुधाचे कॅन, कोळणींच्या टोपल्या, शाळेतल्या बाई आणि दुचाकी यांच्यात आपली सायकल उभी करायची. पाच-दहा मिनिटांत पलीकडे. खाडीच्या या बाजूला पंचवीस मजले आणि त्या बाजूला नारळ, विहिरी, कौलं. खाडी तितकीशी रुंद नाही, पण मोटारीला थांबवायला पुरेशी आहे. बोरिवलीच्या मोटारीला गोराईला यायचं तर भाईंदरचा वळसा घालावा लागतो. स्पेनमध्ये जे काम बोगदे आणि बांध करतात ते आपल्याकडे खारं पाणी करतं.

गोराई गावातून, पॅगोडाचा सोनेरी कळस मागे टाकत, रस्ता चढून उत्तनला उतरतो. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत असतात. त्या वासाला नाक मुरडणाऱ्यांनी हा प्रवास करू नये. पुढे चौकाजवळ धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. ही झोपडपट्टीची धारावी नव्हे, गोराई-मनोरी-उत्तनचं जुनं धारावी बेट. इथून वसईच्या खाडीच्या तोंडावर नजर राहते. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या वसईची कोंडी करायची तर मराठ्यांना हे ठिकाण हातात हवंच होतं. त्यापुढचा भाईंदरपर्यंतचा रस्ता मात्र निवांत नाही. डंपर येतात, बस येतात, म्हणून तो उन्हं वर येण्याआधी उरकावा. भाईंदर पश्चिमेला, गोराईपासून पंधराएक किलोमीटरवर, दुसरी खाडी आडवी येते.

फेब्रुवारी २०२४ पासून इथे रो-रो बोट सुरू झाली आहे. भाईंदरहून वसईला रस्त्याने जायचं तर घोडबंदरचा फेरा मिळून अडतीसेक किलोमीटर पडतात. पाण्यावरून साडेतीनच. बोट वसई किल्ल्याच्या पायाशीच लागते.

आणि इथे उपनगरातल्या माणसाने जरा थांबावं, कारण तो आपल्या जुन्या राजधानीत आलेला असतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तेव्हापासून दोनशे वर्षं अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही साष्टी बेटावरची गावं वसईच्या हुकमाखाली होती. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारात इंग्रजांना आंदण मिळालं. साष्टी मिळाली नाही. ती १७३७-३९ च्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी वसईबरोबर जिंकली आणि इंग्रजांनी तिच्यावर ताबा मिळवला तो १७७४ च्या अखेरीस. आज आपण 'मुंबईला जातो' म्हणून चर्चगेटची गाडी पकडतो, पण आपल्या गावांचे निर्णय कितीतरी काळ उलट्या दिशेला होत होते.

स्पेनचा धागाही इथे सापडतो. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच डोक्यावर होता. त्यामुळे ही भिंतींची नगरी आणि साष्टीतली आपली गावं सहा दशकं माद्रिदच्या राजाला आपला राजा मानत होती. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया याच काळात स्पेनच्या ताब्यातल्या मनिलात फ्रान्सिस्कन पंथात गेला, स्पॅनिश धर्मगुरूंबरोबर जपानला पोचला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये पोपने त्याला संत ठरवलं. किल्ल्यात आज पडकी चर्चं, वडाच्या मुळांनी धरलेल्या भिंती आणि लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी आहेत. चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांबरोबर घाटावर गेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि मेणवलीत त्या दिसतात.

खरा सायकलचा आनंद किल्ल्याबाहेर सुरू होतो. मुख्य रस्ता सोडून पापडीवरून सांडोर, गिरीज, भुईगाव, गास, निर्मळ असं जावं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून टेम्पो आला तर त्यालाच थांबावं लागतं. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, पानवेली, अळूचे वाफे आणि मधे मधे बावखलं, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारी जुनी तळी. कोपऱ्यावर क्रूस, त्यावर ताज्या फुलांचा हार. मोसमात कुणा ओसरीवर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मिळाली तर घ्यावी. त्याहून चांगली शिदोरी सायकलवाल्याला नाही. निर्मळपासून पुढे सोपाऱ्याला गेलं तर १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरलेला स्तूप आहे. सोपारा हे वसईच्याही कितीतरी शतकं आधीचं बंदर होतं.

हा हिरवा पट्टा आपोआप उरलेला नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तो बांधकामाला खुला करायचं ठरलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीखाली माणसं हजारोंनी रस्त्यावर आली. धर्मगुरू, शेतकरी, सामवेदी, वाडवळ, कोळी सगळे त्यात होते. नंदाखालचे दिब्रिटो पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये गेले. बरीच बावखलं बुजली, बऱ्याच वाड्यांवर इमारती उठल्या, हेही खरंच. पण आज त्या गल्लीतून सायकल नेता येते याचं श्रेय सायकल ट्रॅकच्या कुठल्याही निविदेला नाही, त्या मोर्चांना आहे.

आता वर्सोवा-दहिसर-भाईंदर सागरी मार्ग आणि उत्तन-विरार सागरी सेतू येऊ घातले आहेत. गोराई, उत्तन, वसईच्या लोकांना दवाखाना आणि नोकरी लवकर गाठता यावी, हे कोणाला नको आहे? रात्री बोट बंद झाली की गोराईकरांचे काय हाल होतात ते आम्ही बोरिवलीकर जाणतो. तरीही पूल झाल्यावर मोटारींचा लोंढा या गल्ल्यांत शिरेल आणि मग गल्ली रुंद करा अशी मागणी दुसऱ्याच वर्षी येईल. वाड्यांचे बांध तिथेच फुटतील.

म्हणून मागणी आजच करायला हवी, आणि ती फार खर्चाची नाही. मुंबई पोलिसांनी २०२२ मध्ये 'संडे स्ट्रीट्स'साठी काही रस्ते रविवारी सकाळी वाहनांना बंद ठेवले होते. तसंच गोराई ते उत्तन हा रस्ता रविवारी सकाळी नऊपर्यंत बाहेरच्या मोटारींना बंद ठेवावा. रुग्णवाहिका, बस, दूधवाले आणि गावकरी यांना अर्थातच मोकळीक हवी. वसईच्या वाड्यांमधल्या गल्ल्यांची रुंदी आहे तेवढीच राहील, असं विकास आराखड्यात लिहून घ्यावं. यासाठी ना सिमेंट लागतं ना उद्घाटन.

तोवर वाचकांनी एका रविवारी पहाटे निघावं. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जाताना विचारून ठेवावी, पाणी सोबत घ्यावं, वाडीत शिरण्याआधी मालकाला विचारावं आणि कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात चहाचे पैसे सुटे द्यावेत. ज्या वाटेने माणसं जातात तिच्यासाठी भांडणारी माणसंही तयार होतात.