पंधरावी फेरी कोणाची?

मुहम्मद अलीविषयी आमच्या घरात कोणी वेडेवाकडे बोललेले खपत नाही. 1967 साली व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास त्याने नकार दिला, जगज्जेतेपद गमावले, साडेतीन वर्षे रिंगबाहेर काढली, पण मान झुकवली नाही. अशा माणसाच्या लढतीचा निवाडा करायला बसायचे म्हणजे मन आधीच एका बाजूला कललेले! तरीही परवा आम्ही घरची सारी मंडळी बसलो. लढत होती 28 सप्टेंबर 1976 ची, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममधली, अली विरुद्ध केन नॉर्टन. प्रत्येकाच्या हाती कागद-पेन्सिल आणि टीव्हीचा आवाज बंद. आवाज चालू असला की अलीने नुसती मान हलवली तरी प्रेक्षक ओरडतात आणि पाहणाऱ्याला वाटते, ठोसा बसला.

दोघांची ही तिसरी गाठ. मार्च 1973 मध्ये सॅन दिएगो येथे नॉर्टनने अलीचा जबडा मोडून लढत जिंकली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात अलीने परतफेड केली, पण तीही निसटतीच.

नॉर्टन अलीला एवढा जड का जात असे? अलीचे सारे दुकान त्याच्या डाव्या हाताच्या जॅबवर चाले. समोरचा त्या जॅबपासून डोके वाचवू लागला की अली त्याला हवा तसा नाचवी. नॉर्टन मात्र अलीचा जॅब सुटताच स्वतःचाही जॅब सोडी. दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून, एक पाय ओढत तो पुढे सरके. ठोसा चुकवायला मागे झुकायचे ही अलीची जुनी सवय. पण समोरचा थांबतच नसेल तर मागे झुकून झुकून माणूस जाणार कुठे? दोराला पाठ लागते आणि मग बरगड्यांवर मार बसतो.

सुरुवातीच्या फेऱ्यांत अली नाचलाच नाही. पाय रोवून उभा राहिला, जणू नॉर्टनला लवकर लोळवायचेच होते. हा डाव आम्हाला पटला नाही. अली 34 वर्षांचा, मनिलाच्या त्या भीषण लढतीला जेमतेम वर्ष झालेले. जवळून मारामारी करणे म्हणजे नॉर्टनच्या अंगणात जाऊन खेळणे. नवव्या फेरीच्या सुमारास तो पुन्हा चवड्यांवर आला, तेव्हा लढत बदलली. मात्र त्याचे पुष्कळ जॅब हलके होते, काही तर नॉर्टनच्या हातांवरच विरले. नॉर्टनचे पोटातले ठोसे कमी दिसत, जास्त लागत.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये फेऱ्या मोजत. फेरी थोडक्यात जिंका की धो धो मारून जिंका, हिशेब एकाच फेरीचा. चौदा फेऱ्यांनंतर दोन पंचांच्या कागदावर 7-7 अशी बरोबरी होती. आणि इथेच नॉर्टनच्या कोपऱ्यातून त्याला सांगण्यात आले, की तू पुढे आहेस, सांभाळून खेळ. तो सांभाळून खेळला! अलीने ती फेरी नेली. दोन पंच 8-7, रेफरी 8-6 आणि एक फेरी बरोबरीची; तिघांचाही कौल अलीला. नॉर्टन रडत बाहेर पडला. पुढे 1978 साली लॅरी होम्सशी झालेली त्याची लढतही पंधराव्या फेरीपर्यंत गेली. तीही त्याने एका पंचाच्या एका गुणाने गमावली.

आमचा कागद? लिहिताना हात जड होतो, पण 8-7 नॉर्टन. गृहलक्ष्मींचा कौल 9-6 नॉर्टन. त्यांच्या मते अलीने निम्मा वेळ तोंडच चालवले, आणि आवाज बंद असूनही ते त्यांना ऐकू आले. धाकटे चिरंजीव मात्र 8-7 अली म्हणून अडून बसले. रात्री जेवताना आठव्या फेरीवरून भांडण झाले, भाकरी निवल्या.

तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा पंधराव्या फेरीपुढे मात्र तिघांनीही एकच नाव लिहिले होते: अली.